वजा न केलेला इंच

रविवारी सकाळी सातलाच डॅरिल आणि त्याची बायको किम्बर्ली जीप घेऊन मुलुंडच्या आमच्या टायरच्या दुकानात आले. मरोळ गावठाणातली माणसं, जुनं गिऱ्हाईक. मुरबाडकडे डोंगरात जीप चढवायची शर्यत होती.

"भाऊ, साडेबारा इंच रुंदीचे टायर आणलेत. बसव लवकर."

"त्याला रिम साडेआठचा तरी लागतो रे."

"मग मोज ना! मुहूर्त बघतोस काय?"

रिमची रुंदी आतल्या अंगाला कोरलेली असते. पण मी वाचायला शिकलो ते साठीला आल्यावर. त्याआधी सगळं टेपवर. टेप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लावायचा आणि त्यातून एक इंच वजा करायचा, कारण टायर कडांच्या आत बसतो. टेपवर साडेआठ आले. चारही टायर चढवले. स्टेपनी मंगळवारी नेतो म्हणून ते निघाले.

अकराला स्टेपनीचा रिम पुसताना आतले आकडे दिसले. साडेसात. इंच वजा करायचाच राहिला होता.

माझी बायको सुगंधा डबा घेऊन आली होती. "काय हो, असे का बसलात?"

"अरुंद रिमवर रुंद टायर बसवून दिले गं."

"मग? गेली ना गाडी?"

"रस्त्यावर चालेल. डोंगरात ते हवा कमी करतात, टायर दगडाला धरावा म्हणून. तिथे उतारावर जीप आडवी कलली तर टायर रिम सोडेल."

"मग माझ्याकडे काय बघताय? फोन लावा!"

चार वेळा नुसती रिंग वाजली. चूक न सांगता, हवा रस्त्यावरच्यासारखी तीसवर ठेवा, एवढंच सांगावं, असंही मनात आलं. पाचव्यांदा किम्बर्लीने उचलला आणि डॅरिलला दिला.

"काय भाऊ, मजुरी राहिली काय? आता दुसऱ्या चढाला आमचाच नंबर आहे."

"हवा किती?"

"पंधरा."

"डॅरिल, मी चुकीचं मोजलं. रिम एक इंचाने कमी आहे. टायर निघेल. जीप बाजूला घे."

मागे कुणीतरी शिट्टी मारत होतं.

"नक्की?"

"आकडे वाचले मी."

"किम, उतर खाली," एवढं ऐकू आलं आणि फोन कट झाला.

नंतर हवा भरून सावकाश परत निघालोय म्हणून किम्बर्लीचा मेसेज आला. तरी जेवण गेलं नाही. साडेतीनला जीप दुकानासमोर थांबली. डॅरिल फुगलेलाच होता.

"पहिला चढ एकदम झकास झाला होता, भाऊ. तू उगाच घाबरवलंस."

मी मागचं उजवं चाक उतरवलं, हवा सोडली, टायर रिमपासून मोकळा केला. टायर जिथे घट्ट चिकटून असतो, जिथे पाण्याचा थेंबही जाऊ नये, तिथे अर्ध्या घेरापर्यंत लाल माती गेली होती. त्या पहिल्याच चढावर तो सुटता सुटता राहिला होता.

किम्बर्लीने ती माती बोटावर घेतली आणि नवऱ्यासमोर धरली.