पंधराचा फ्यूज

"हजार वॅट, वहिनी! वडखळ नाक्यावर गाडी उभी राहिली ना, तर हाटेलातले कप नाचतील." रोशनने अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर ठेवला.

पेणमधलं त्याचं दुकान जेमतेम दोन माणसांचं. ऋतुजा आठ महिन्यांच्या राणीला कडेवर घेऊन उंबऱ्यातच थांबली होती. आत वायरींचं जंजाळ, त्यातच कुठेतरी वायरींना डाख द्यायची तापलेली सळई. पोरीचे हात म्हणजे काय धरतील याचा नेम नाही.

तिचा नवरा निकेश पेण-रोहा जीप चालवायचा. दुसऱ्यांच्या गाड्यांतले दणके ऐकून कॉलेजची पोरं तिकडे चढतात, हे त्याचं दुखणं. म्हणून त्याने मागे दोन बारा इंची वूफर बसवून घेतले होते. त्यांना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर तेवढा निवडायचा होता.

समोर दोन होते. एक चकचकीत, अंगावर सोनेरी आकडा, हजार. दुसरा काळा, ओबडधोबड, चांगलाच जड. त्यावर नुसते तीनशे. ऋतुजाने राणीला शेजारी उभ्या निकेशकडे दिलं आणि आत येऊन दोन्ही उलटे करून पाहिले. चकचकीताच्या पाठीला पंधराचा एकच फ्यूज. काळ्याला पंचवीसचे दोन.

"अहो, बारा व्होल्ट आणि पंधरा अँपिअर. दोनशेच्या आसपासच जाणार आत. हजार येणार कुठून?"

"वहिनी, बॅटरीला गणित येत नाय," रोशन हसला. निकेशही हसला. "तू पोरीला बघ, ऋतू."

चकचकीत आला. मधल्या सीटखाली बसला.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा माहेरी रोह्याला निघाली. पुढे भाड्याची माणसं, म्हणून ती मधल्या सीटवर. राणी शेजारी दुपट्यावर झोपलेली. वडखळ सुटलं आणि निकेशने आवाज वाढवला. पायाखालचा पत्रा थरथरू लागला. राणीच्या टाळूची कोवळी जागा त्या ठोक्याबरोबर हलतेय असं वाटून ऋतुजाने तिथे तळवा धरला. "जरा कमी करा ना!" पुढे ऐकूच गेलं नाही.

गडब गावाजवळ गाणं अचानक मेलं.

"फ्यूज उडाला." निकेश उतरला, सीटखाली हात घालून खुडबुड केली. शेजारच्या प्रवाशाने सिगारेटचं पाकीट पुढे केलं. निकेशने आतली चांदी फाडली, उडालेल्या फ्यूजवर गुंडाळली. सगळे ड्रायव्हर असंच करतात. ऋतुजाने पाहिलं, तोंड उघडलं. पण माणसांसमोर पुन्हा 'तू पोरीला बघ' ऐकायची तिची तयारी नव्हती. गाणं सुरू झालं. जीप निघाली.

आता तिला काही सुचेना. फ्यूज उडतो तो वायर वाचावी म्हणून. चांदी उडणार नाही. मग काय पेटेल?

पलीकडे सुक्या मासळीची पाटी मांडीवर घेऊन ठमाबाई बसली होती. ती खुशीत म्हणाली, "शीट बरी ऊन हाय गो. मना वाटला, गुडघ्यांना शेकच देतंय कोन."

ऋतुजाचा हात राणीच्या दुपट्याखाली गेला. रेक्झिन चटका देत होतं.

"थांबवा! अहो, थांबवा गाडी!"

ती असं ओरडेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. जीप पुरती थांबायच्या आत ती राणीला छातीशी धरून खाली उतरली. मागून ठमाबाई, पाटीसकट. सीटखालून धुराची बारीक रेघ निघाली, जळक्या रबराचा वास आला. निकेशने आत हात खुपसून वायर उपसली आणि हिसडा देऊन हात मागे घेतला. बोटं भाजली होती.

"काय रं ड्रायव्हर," ठमाबाई म्हणाली, "मासली भाजून देतोस काय?"

कोणी हसलं नाही.

"काढलं सगळं. चढ आता," निकेश हळूच म्हणाला.

"ती चांदी आधी माझ्या हातात द्या."

त्याने दिली. काळी पडलेली, अजून गरम. तिने मूठ मिटली, मगच चढली. राणी रडून रडून गप्प झाली होती. जीप मुकाट चालली होती.

नागोठणं गेल्यावर निकेशने आरशातून पाहिलं. "तो काळा... त्याला फ्यूज कितीचे होते, म्हणालीस?"

"पंचवीसचे दोन," ती म्हणाली. "पण सीटखाली नाही. आणि चांदी तर कधीच नाही."

त्याने होकाराची मान डोलावली. रोहा येईपर्यंत तिने राणीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. दुसरा हात मात्र सीटवरच होता, गार झालेली सीट पुन्हा पुन्हा चाचपत.