जुईलीची लयकारिका

आनंदाचं डोकं तापायला वेळ लागत नसे. एकदा तापलं की पौड रोडवरच्या त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा जरा लांबूनच बोले. पण त्या दिवशी जनार्दन नेमका जवळ येऊन बसला. जनार्दन म्हणजे गावचा माजी सरपंच. मनाचा वाईट नव्हे, पण जिभेला हाड नाही. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून आला होता आणि आला तसा बोलत सुटला.

"तुझ्या जुईलीला विज्ञान दिनाला लई मोटं काम मिळालंय म्हनं. पेशीचं नाटक बसवत्यात शाळेत. आमचा शंभू दारावरचा पहारेकरी हाय, आन तुझी सफाईवाली. पेशीत जे काय मेलेलं-सडलेलं आसंल ते समदं खाऊन टाकायचं."

आनंदाच्या हातातली तांब्याची तार जागीच थांबली. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती अशी. त्याच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, तेव्हा वस्तीला दुकानातनं मीठ मिळेना झालं होतं. उपास काढले, पण पुन्हा दोरीला हात लावला नाही. आनंदानं ते दिवस पाहिले नव्हते, पण बापाच्या तोंडून ऐकून ऐकून ते त्याचेच झाले होते. आणि आज आठवीतल्या आपल्या पोरीनं साऱ्या गावासमोर मेलेलं खायचं? तेही नाटकात, टाळ्या घ्यायला? त्यानं शटर ओढलं आणि गाडीला किक मारली.

शाळेत तालीम चालली होती. वृषाली मॅडम लातूरकडच्या. नवरा हिंजवडीला कंपनीत, म्हणून त्या इकडं आल्या आणि भुकूमला फ्लॅट घेऊन राहिल्या. शिकवायची हौस दांडगी. वर्गाच्या फरशीवर खडूनं भलीथोरली पेशी आखून त्यात त्यांनी पोरं उभी केली होती.

"मॅडम, एवढ्या पोरांत घाण काढायला आमचीच पोरगी दिसली व्हय तुमाला?"

"दादा, जुईली झालीय ती लयकारिका म्हणजे तसं नाही हो. ते पेशीचं फार महत्त्वाचं अंगक आहे."

"आसंल. पर माझ्या आज्यानं जे सोडलं, ते माझी पोरगी खेळात बी करणार न्हाई."

वृषाली मॅडमचा चेहरा उतरला. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, जुईलीकडं पाहिलं आणि मिटलं. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "यायला हवं होतं. बदलते मी." आणि तिथल्या तिथं बदललंही. शंभू लयकारिका झाला, आधी केंद्रक झालेला मुलगा पहाऱ्यावर गेला आणि जुईली झाली केंद्रक. केंद्रक म्हणजे पेशीचा कारभारी, सगळ्यांना हुकूम सोडणारं. आनंदाचं समाधान झालं. जुईली मात्र खडूच्या रेघेत उभी राहून आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

त्या दिवशी ती घरी अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठली. चंद्रकला नवऱ्याला वाढता वाढता म्हणाली, "तिनं मागून घेतलं व्हतं ते. कुनीच घेत न्हवतं, तर हिनं हात वर केला. आठ दिस झालं, भाकऱ्या थापताना मला ऐकवतीया."

"पोरीला काय कळतंय," आनंदा म्हणाला, आणि त्यानं पाण्याचा तांब्या ओढला.

विज्ञान दिनाला पटांगणात सारं गाव जमलं. हातात हात गुंफून पोरांनी गोल केला. ते प्रद्रव्यपटल, आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं ते तेच ठरवणार. तीन पोरी टॉर्च घेऊन आल्या. त्या तंतुकणिका, अन्नातून ऊर्जा काढून देणाऱ्या. रायबोझोमवाल्यांनी मणी ओवून प्रथिनं केली. गॉल्गी संकुलानं ती खोक्यांत भरून पत्ते डकवले, कुठला माल कुठं जायचा ते. मधोमध खुर्चीवर सोनेरी कागदाचा मुकुट घालून जुईली. तिनं आपली दोन वाक्यं पाठ केल्यासारखी म्हटली. मुकुट तिला मोठा होत होता.

मग शंभू आला. आला तो केरसुणी नाचवत, जीभ बाहेर काढून. लोक हसून लोटपोट. पुढचं भाषण तो साफ विसरला आणि नुसता झाडत सुटला. आनंदानं चोरून जनार्दनाकडं पाहिलं. जनार्दन सगळ्यांत मोठ्यानं हसत मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. पोराच्या हातात केरसुणी आहे याचं त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. का वाटावं? त्याच्या लेखी ते नाटकच होतं. आनंदाला त्याचा भयंकर हेवा वाटला. आणि खुर्चीवर बसलेल्या जुईलीचे ओठ हलत होते. शंभू जे विसरला होता ते सगळं ती मनात म्हणत होती.

परतताना आनंदानं भातखाचराच्या कडेला गाडी थांबवली. "ते लयकारिकेचं भाषण म्हन की. मला ऐकायचंय."

जुईली गाडीवरून खाली उतरली. मग त्याच्याकडं न बघता म्हणू लागली. "मी लयकारिका. पेशीत जे झिजतं, मोडतं, ते मी विरघळवते. पण वाया घालवत नाही. त्यातलं कामाचं सुटं करून पेशीला परत देते, नवं बांधायला. रोगजंतू आत शिरला तर त्याला मी संपवते. आणि पेशीच पार बिघडली, तर मी फुटते आणि तिच्यासोबत जाते."

किती छान म्हणत होती पोरगी. पण गप्प बसेल तो आनंदा कसला. "आन तिला दुसरं काम करावं वाटलं तर?"

"तसं नसतं पप्पा. ती त्याच कामासाठी बनलेली असते."

"बघ. मानसाचं तसं न्हाई. मानूस कुटल्या कामासाटी जन्माला येत न्हाई. आपलं काम त्यानं सोता निवडायचं. त्यासाटी तुझ्या पणज्यानं उपास काढलं. त्यासाटीच मी शाळंत आलतो."

जुईलीनं ते नीट ऐकून घेतलं. पोरीला पटलं, असं आनंदाला वाटलं.

"मी पण निवडलंच होतं की," ती म्हणाली.

आनंदानं गाडीच्या हँडलवर हात ठेवला, पण गाडी सुरू केली नाही.

"व्हय," तो म्हणाला. "आन ते मी काढून घेतलं."