चौदा मात्रांचा तीनताल

गेला महिनाभर मी घरात कुणाला सांगितलं नाही, पण मला वाटत होतं की आपली मोजणी गेली. एकाहत्तराव्या वर्षी काय काय जातं, त्यात हेही.

परळीतलं आमचं समूहगान मंडळ एकोणीस बायकांचं. हाताने ताल धरायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे. यंदा बीडच्या स्पर्धेच्या तोंडावर आमचा तबलजी सटवा नाशिकला मुलाकडे निघाला, म्हणून त्याआधी रामच्या दुकानात त्याचा तबला आणि आमची पेटी रेकॉर्ड करून घेतली. राम लग्नांचं शूटिंग करतो. रोज संध्याकाळी मंडळातली वनमाला मोबाईल स्पीकरला जोडायची आणि आम्ही त्यावर गायचो.

शेवटच्या तिहाईत माझा हात मागे पडायचा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा. आमचा तुकडा पाच मात्रांचा, आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा पूर्ण शांत. तबलाही थांबतो. पाच, एक, पाच, एक, पाच. सतरा झाल्या. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे समेवरून, पहिल्या मात्रेवरून, निघालं की सतरावी बरोबर पुढच्या समेवर. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मी नऊ वर्षांची असताना हे बोटांच्या पेरांवर शिकवलं. चुकले की पखवाज थांबवून म्हणायचे, "गप बसायची मात्रा खाल्लीस. जेवली न्हाईस का सकाळी?"

आता सगळ्या समेवर पोचायच्या आणि माझ्या दोन मात्रा उरायच्या.

"काकू, हात मागं राहिला," वनमाला म्हणायची.

"मशीनचं चुकतंय काहीतरी."

"मशीन म्हातारं झालं वाटतं," मागून जाईबाई. सगळ्या हसल्या. मीही हसले.

घरी भाजी निवडताना मोजलं, तर सतरा. मंडळात गेलं की पंधरा. शेवटी स्पर्धेच्या आदल्या दिवशी मोबाईल मागून घेतला आणि एकटीनं दहा वेळा ऐकलं. दहाही वेळा पंधरा. तशीच रामच्या दुकानात गेले.

"राम, या शेवटच्या तुकड्यात तू काही केलंस का?"

"काय न्हाई आजी. दोन जागी आवाजच गेलता. तेवढं कापून जोडलं. जोड कळतोय का? लई बारीक काम हाय ते."

"अरे, आवाज गेला नव्हता. आम्ही थांबलो होतो."

"थांबायचं कावून? गाणं चालू हाय की."

"मूळचं आहे का?"

"पुसलं ते."

संध्याकाळी मंडळात सांगितलं. वनमालानं स्पीकर बंद केला. बिनमशीनचं बारा वेळा म्हटलं. बाराही वेळा त्या शांत मात्रेत कुणीतरी घुसलं. महिनाभर त्यांनी ती मात्रा ऐकलीच नव्हती.

"एक मात्रा!" मी ओरडले. "फक्त एक मात्रा तोंड मिटा गं!"

"बायकांना तोंड मिटायला लावता का काकू?" जाईबाई म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. आठ वाजत आले होते.

"उद्या मशीनवरच गाऊ," वनमाला म्हणाली. "तुमचं बरोबर हाय काकू. पण एकटीचं बरोबर असून काय करायचं?"

"सोळातल्या दोन कापल्या गेल्या. चौदा मात्रांचा तीनताल नसतो, वनमाला."

"उद्याच्या दिवस असू द्या."

बीडच्या सभागृहात मी नेहमीसारखी ओळीच्या टोकाला उभी राहून ताल धरला. समोर परीक्षक, पिकल्या मिशांचे गृहस्थ, मांडीवर ताल देत होते. त्यांचा हात आणि माझा हात सारखा पडत होता. तिहाई आली. मी दोन मात्रा गिळल्या आणि सगळ्यांबरोबर समेवर हात आपटला. टाळ्या झाल्या.

परीक्षकांचा हात अजून वरच होता. दोन मात्रांनी तो एकटाच मांडीवर पडला. मग ते आमच्या ओळीवरून एकेक चेहरा बघत टोकाकडे येऊ लागले, ताल कोण धरत होतं ते शोधत.

मी हात पदराखाली घेतला.