आवाज न करणारी भिंगरी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही अजून बसलेला नाही, आणि ती इथेच माझ्या शेजारी बसून स्वेटर विणते आहे. पण अख्खी आलिशान बोट मी एकट्याने खडकाच्या जबड्यातून ओढून काढली.

त्या बोटीवर मी मेकॅनिक होतो. कप्तान माझा साडू. त्याच्याच शब्दावर मला नोकरी मिळालेली. दिवे, थंड हवा, स्वयंपाकघर यांना वीज पुरवायला आधी डिझेलचा जनरेटर होता. तो सुरू झाला की पाहुण्यांच्या पेल्यातलं सरबत थरथरायचं. मालकाच्या मागे लागून मी तो काढायला लावला आणि छोटं गॅस टर्बाइन बसवलं. कपाटाएवढं धूड, पण आतलं चक्र मिनिटाला नव्वद हजार फेरे घेणारं. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. खोलीचं दार लावलं, की ती चालू आहे की बंद, हे ब्रह्मदेवालाही कळू नये.

तिथेच घात झाला.

इंजिन सुरू करायची बॅटरीही मी हौसेने दिव्याबिव्यांच्या बाकीच्या बॅटऱ्यांना जोडून टाकली होती. साडू म्हणाला होता, "अरे, ती तेवढी वेगळी राहू दे." मी म्हणालो, "तुम्ही सुकाणू सांभाळा, वायरी मी सांभाळतो." भिंगरी बंद पडली की कोकलणारा भोंगाही मीच बंद करून ठेवला होता. पाहुण्यांची झोपमोड होते ना!

त्या दुपारी कड्याजवळ नांगर टाकून आम्ही थांबलो होतो. मालकीणबाई, त्यांच्या चार बहिणी आणि आम्ही तिघं. तिसरा म्हणजे पॉलिशवाला. त्याने डेक घासायला घेतला आणि उन्हात लोळायच्या गाद्या उचलून नेमक्या हवेच्या जाळीला टेकवून रचल्या. भिंगरीचा श्वास कोंडला, ती बंद पडली. डिझेल बंद पडलं असतं तर मेलेला माणूस उठून बसला असता. इथे कुणाला पत्ताच नाही! दोन तास सगळा भार बॅटऱ्यांनी मुकाट वाहिला, आणि मी वर पाय पसरून, "काय शांतता आहे!" म्हणत स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

मग दिवे गेले. त्याच सुमाराला वारा फिरला आणि नांगर सुटला.

साडूने इंजिनाचं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टकसुद्धा नाही. नांगर ओढायचं यंत्र विजेवर, होडी उतरवायची क्रेन विजेवर. बोट मागे मागे सरकत होती, आणि मागे कडा.

"दीडशे मीटर!" पॉलिशवाला ओरडला.

मी खाली धावलो, गाद्या भिरकावल्या. जाळी मोकळी झाली, पण भिंगरीला पहिला झटका द्यायलाही बॅटरीच लागते.

"सत्तर!"

"अरे, बोट फुटली तर तुझी मेव्हणी मला घरात घेणार नाही," साडू वरून गरजला, "आणि तुझी बायको तुला!"

"तुम्ही नुसतं ओरडू नका, मला सुचू द्या!"

"सुचेपर्यंत आपण कड्यावर असू!"

आणि सुचलं. वाऱ्याने फिरते तिला वाराच द्यायचा! बाया पाच, पण त्यांचे केस वाळवायचे ड्रायर निघाले सहा. आंघोळीच्या टॉवेलचं नरसाळं करून मी जाळीला बांधलं, सहाही ड्रायर त्यात खुपसले आणि सोडले पूर्ण जोरात. मालकीणबाई दोन हातांत दोन धरून उभ्या.

"चाळीस!"

चक्र हललं. कुंथलं. फिरलं. दहा हजार, वीस हजार...

"पंचवीस! कड्यावरचे शिंपले दिसतायत!"

घामाने माझे डोळे चुरचुरत होते. पन्नास हजार! एका बहिणीने डोळे मिटून घेतले. साडूचं बोट बटणावर. आणि भिंगरीने अशी शीळ घातली म्हणता...

विणायच्या सुया थांबल्या.

"अहो," बायको म्हणाली, "बोटीवर वीज नव्हती ना?"

"नव्हतीच! काजव्याएवढीसुद्धा नाही."

"मग ते सहा ड्रायर लावलेत कुठे?"