दोन भिंतींमधली फट

आमच्या आणि राहीबाईच्या घरांमध्ये वीतभर फट आहे. राहीबाई माझी थोरली जाऊ. सात वर्षांपूर्वी वाटणी झाली, घरं बांधायला काढली, तेव्हा गवंडी म्हणाला, मधली भिंत एकच घाला. मी म्हणाले, तिच्या भिंतीत मला खिळासुद्धा मारायचा नाही. ती म्हणाली, हिच्या भिंतीला माझी पाठ लागायला नको. झाल्या दोन भिंती. तेव्हापासून आम्ही बोलत नाही, आणि त्या फटीत वटवाघळं राहतात.

फटीचं रस्त्याकडचं तोंड माझ्या अंगणात, मागचं, परड्याकडचं, तिच्याकडे. वर पत्रा, खाली विटा रचलेल्या. उघडं काय ते वरचं हातभर. त्यातून पडणाऱ्या लेंड्या मी वर्षानुवर्षं शिव्या घालत झाडल्या. पण यंदा मे महिन्यात माझी अंकिता आटपाडीहून पहिल्या बाळंतपणाला आली, आठवा महिना लागलेला. तिच्या खोलीत एक वटवाघूळ शिरलं, तसा मी खराटा उचलला. द्राक्षबागांवर जाळ्या बांधणारा आकाराम नेमका दारात होता. त्याने खराटा हातातून काढून घेतला.

"हात लावू नगा वैनी, चावलं तर इंजेक्शनं घ्यावी लागत्यात. दिवा घालवा, खिडकी उघडा, आन् दार वढून घ्या. आपलं आपण जातंय."

खरंच गेलं.

"मग समदीच घालव की," मी म्हणाले.

"घालवू. फटीच्या दोनी तोंडांवर जाळी सोडायची, वरनं बांधून, खालनं मोकळी. भायेर पडता येतंय, परत शिरता येत न्हाई. समदी गेली की बुजवायचं. पर आत्ता न्हाई. आत पिलं हायत, त्यास्नी उडता येत न्हाई. जुलैत करू. आन् थोरल्या वैनींना सांगून ठेवा, दोनी तोंडं एकदम कराय लागत्यात."

तिला सांगू? मी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सिमेंट कालवलं, स्टुलावर चढले आणि विटांचे तुकडे कोंबून माझ्याकडचं तोंड लिंपून टाकलं. जाऊ देत तिच्या परड्यात, झाडू दे तिला रोज. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी अंगणात एकही वटवाघूळ दिसलं नाही. सकाळी बघते तर अंकिता भिंतीला तळहात लावून उभी.

"आई, आतनं खरवडल्यागत आवाज येतोय."

मी तशीच परड्याच्या कुंपणाशी गेले. पलीकडे राहीबाई होती. सात वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मागचं तोंड तुमी बुजवलंय काय?"

"व्हय, काल दुपारी. जाऊ देत म्हनलं तुझ्याकडं. का गं?"

मी सिमेंट लागलेली नखं पदराखाली घेतली. तिच्या ध्यानात आलं.

"तूबी बुजवलंस?"

"आदी तुमी फोडा."

"मीच का? तूच फोड की."

संध्याकाळपर्यंत तशाच उभ्या राहिलो असतो. तेवढ्यात पुढून हातोड्याचा आवाज आला. तेवढं पोट घेऊन अंकिता स्टुलावर चढली होती! मी धावत जाऊन तिला खाली उतरवलं, वाट्टेल तसं बोलले आणि स्वतः घाव घातले. मागूनही घाव ऐकू येत होते. सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं, ढलपा निघून आला. तोंडाशीच तीन पिलं मरून पडली होती, अंगठ्याएवढी. अंकिताने ती बघितली.

"तुमी दोगींनी मिळून सात वर्सांत येवढं येकच काम केलंसा," ती म्हणाली, आणि नवऱ्याला फोन करून गाडी बोलावली. मी रडले, हात जोडले. ती गेली.

जुलैत आकारामने दोन्ही तोंडांवर जाळ्या सोडल्या. चार दिवसांनी आत काहीच उरलं नाही, मग फट बुजवली. तोवर आटपाडीला अंकिताला मुलगी झाली होती. फोनवर म्हणाली, "बाळाला बघायचं आसंल तर काकूला संगं घिऊन ये. एकटी आलीस तर दार उघडणार न्हाई."

सहा दिवस मी धुमसत होते. राहीबाईलाही फोन गेला असणारच. मग तिने का येऊ नये माझ्या दारात? सातव्या दिवशी मात्र राहवेना. नात होती माझी.

राहीबाई पायरीवर बसली होती. अंगावर ठेवणीतली साडी, शेजारी पिशवी, पिशवीतून लोकरीचं टोपडं डोकावत होतं.

"आटपाडीला..." मी म्हणाले.

"ठावं हाय. सा दिस झालं, पिशवी भरून बसलिया."

"मग हाक मारायची न्हाई?"

"तू मारलीस व्हय?"

एसटीत आम्ही मागे-पुढे बसलो, वेगवेगळ्या बाकांवर. इस्लामपूर सुटेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या अंबाड्याकडे. मग कंडक्टर आला आणि म्हणाला, "कुठं? किती?"

"आटपाडी. दोन हाफ," आम्ही दोघी एकदमच बोललो.