एकटीनं सोलापूर

स्वरालीचे वडील मानसिंग पूर्वी मेंढरं राखायचे. आता लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला होते. इंदापूरच्या खाली त्यांचं थोडं डाळिंबाचं रान होतं. स्वराली बारामतीत विमान चालवायला शिकत होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच एकटीनं सोलापूरला जाऊन परत यायचं होतं. विमान रानावरूनच जाणार म्हटल्यावर आत्या भागूबाईंनी सगळी वस्ती बांधावर गोळा केली.

विमान डोक्यावरून गेलं. लोकांनी टॉवेल हलवले. पण लोक घरी पोचायच्या आतच ते माघारी आलं.

नीरा-भीमेच्या संगमापर्यंत सगळं ठीक होतं. पुढं मात्र ढग एवढे खाली आले होते, की जमीन दिसेना. सोलापूर अजून बरंच लांब होतं. स्वरालीनं रेडिओवर कळवलं आणि विमान वळवलं.

संध्याकाळी ती घरी आली तर आत्या दारातच उभ्या.

"सोलापूर ते केवढंसं लांब! एसटी रोज जाती. भ्यालीस व्हय गं?"

"पुढचं काही दिसत नव्हतं, आत्या."

मानसिंग काहीच बोलले नाहीत. आत्यांच्या बोलण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिला शिकवणाऱ्या रोहिणी मॅडम म्हणाल्या, "वळलीस ते बरोबरच केलंस. पुन्हा कधी जातेस?"

"आभाळ उघडलं की लगेच."

आभाळ लवकर उघडेना. स्वराली रोज पहाटे उठून तयारी करायची, हवामान बघायची आणि टोपी काढून वर्गात जाऊन बसायची. शेवटी एकदाचं ऊन पडलं. मानसिंग रजा काढून आले आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले.

जाताना पाठीमागून वारा होता. तासाच्या आतच ती सोलापूरला उतरली. मॅडमचा फोन आला, "वारा वाढलाय, आता तो समोरून लागेल. थांबायचं असेल तर थांब."

स्वरालीनं हिशेब पुन्हा मांडला. वेळ बराच जास्त लागणार होता, पण इंधन पुरून उरत होतं आणि आभाळ स्वच्छ होतं.

"येते मॅडम."

विमान पुढं सरकतच नाही असं तिला वाटत होतं. खालच्या रस्त्यावरचे ट्रकसुद्धा फार मागं पडत नव्हते. हात अवघडले, पण तिनं दिशा ढळू दिली नाही.

इकडं मानसिंग मॅडमना तिसऱ्यांदा विचारत होते, "जाताना एवढा येळ लागला न्हवता. अंतर तर तेवढंच हाय न्हवं?"

"अंतर तेवढंच, दादा. वारा तोंडावर आहे. येईल ती."

पश्चिमेकडं वळून विमान खाली आलं, धावपट्टीवर एकदा हलकेच उसळलं आणि टेकलं. स्वराली उतरून कुंपणापाशी आली. मानसिंगांनी जाळीतून तिची बोटं धरली.

"त्या दिवशी मी गप ऱ्हायलो. वाईट वाटलं आसंल तुला."

"वाटलं."

"धुकं आलं की मीबी कळप थांबवायचो. तू वळलीस ते झ्याक केलंस. भागूला तवाच सांगाय पायजे हुतं."

"मग आता सांगा," म्हणत तिनं फोन लावून जाळीतून त्यांच्या कानाला धरला.

मानसिंगांनी बहिणीला दोन्ही दिवसांचं सगळं सांगितलं, ढगापासून वाऱ्यापर्यंत. पलीकडून आत्यांनी एकच विचारलं, "आता पुढं कुठं जानार हाय ती?"

"लातूर," स्वराली मोठ्यानं म्हणाली. "आणि आत्या, ते सोलापूरपेक्षा लांब आहे."