चुन्याची रेघ

सत्यशीलाबाईंनी पाण्याची बाटली नाकाशी धरली, आणि सुभेदार हिंमतरावांना वाटलं, ही बाई काही चहाने विरघळणारी नव्हे.

तपासणीला येणारी माणसं त्यांनी आयुष्यभर तोलली होती. कोणाला चहा पुरतो, कोणाला कँटीनची बाटली लागते, कोण नुसत्या 'साहेब'वर पाघळतो, हा अंदाज सहसा चुकत नसे. प्रदूषण तपासायला आलेल्या या बाईंनी मात्र 'काम झाल्यावर' म्हणून कप बाजूला ठेवला होता.

वारज्यापलीकडच्या या लष्करी डेपोत जुन्या टाक्यांतलं डिझेल जमिनीत मुरलं होतं. कुंपणाबाहेरच्या गावविहिरीला वास येऊ लागला, तेव्हा तिच्यावर जाळी पडली. टाक्या निघाल्या, माती बदलली. आता जमिनीखालचं पाणी तपासायला घेतलेल्या बोअरमध्ये तेल सापडलं नाही, की बाईंची सही होणार आणि विहीर खुली. महिनाअखेरीला निवृत्त होणाऱ्या हिंमतरावांना मागे घाण ठेवून जायचं नव्हतं. गावचे दत्तोबा तर नारळ घेऊनच आले होते.

“पाणी काचेसारखं आहे,” बाई म्हणाल्या.

“असणारच, मॅडम!”

“वासही ओळखीचा आहे. आमच्या कर्वेनगरच्या नळाला येतो तो. ब्लीचिंग पावडरचा.”

हिंमतरावांचा चेहरा खुलला. कोणीतरी मेहनतीची दखल घेतली होती.

“काल संध्याकाळीच सगळ्या बोअर धुवून घेतल्या. वरून टँकरचं पाणी सोडलं. तपासणी म्हटल्यावर कसंतरी दाखवायचं का?”

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. बोअरच्या तोंडांना ताजा गेरू, भोवती चुन्याची रेघ. झाडांच्या बुंध्यांनाही तोच साज. आलेलं हसू त्यांनी गिळलं आणि पेनाचं टोपण काढलं. काय लिहिलं जाऊ शकतं, ते हिंमतरावांना आत्ता उमगलं. पुरावा बुडवला. सगळी नोकरी त्या दोन शब्दांत जाणार. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

“माझाच हुकूम होता, मॅडम. पोरांचा दोष नाही.”

बाईंनी टोपण परत लावलं.

“पंप आहे ना? उपसा सगळं. मी बसते.”

दत्तोबा पुढे झाले. “बाई, सई करा की! तुमचं काय जातंय? गाव टँकरवर जगतंय.”

“विहीर उघडली की पहिलं पाणी कोण पिणार?”

“नात हाय धाकटी. तीच पळंल कळशी घेऊन.”

“मग बसा माझ्याजवळ.”

पंप चालला, थांबला. खालचं खरं पाणी झिरपून यायला दुपार कलली. बाईंनी डबा उघडून दत्तोबांपुढे ठेचा-भाकरी सरकवली. हिंमतराव उभेच होते.

मग बाटली वर आली. उन्हात पाण्यावर मोरपिशी तवंग हलला. बाईंनी ती दत्तोबांकडे दिली. त्यांनी वास घेतला, आणि नारळ पिशवीत टाकला.

“शेंडी काढू नका,” हिंमतराव म्हणाले. “टिकेल.”

बाईंनी लिहिलं ते त्यांनी उभ्या उभ्या वाचलं: तपासणीच्या तयारीत बोअर धुतल्या गेल्या होत्या, उपसून नमुना घेतला, तेल आढळले, कुंपणालगतची माती पुन्हा काढावी. झाकलेलं काही नव्हतं, आणि मीठमिरचीही नव्हती.

“आता चालेल चहा,” बाई म्हणाल्या.

कपातला केव्हाच निवला होता. पंपाच्या पायपाने पुसलेली रेघ नीट करायला एक जवान चुन्याची बादली घेऊन आला.

“ती ने परत,” हिंमतराव म्हणाले. “आणि चहा टाक. ताजा.”